गँडरला घालवलेले तीन दिवस

टिंकर्स कोव्ह,
मंगळवार सकाळ (केक भट्टीत आहे)

प्रिय वायोलाताई,

तुला थर्झाचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण शनिवारपासून माझी कंबर जी धरली आहे ती सरळ व्हायचं नाव घेत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधी तुझं सांग. गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुर करतो का? (गुडघ्याचं विचारते आहे. सेसिलभावजींचं पुढच्या ओळीत.) भावजींचा खोकला थांबला का, आणि थांबला नसेल तर अकॉर्डियन वाजवताना तरी थांबतो का? तुझं पत्र येऊन दीड महिना होऊन गेला, उत्तराला उशीर झाला म्हणून राग धरू नकोस. त्यात एक सोय अशी झाली की तू ज्या ज्या आजारी माणसांची चौकशी केली होतीस ती सगळी तेवढ्या वेळात बरी झाली, एक ब्लँच सोडून, आणि ब्लँचला बरं होण्यात कधीच रस नव्हता. बाकी इकडे ठीक. हिवाळ्याची लाकडं रचून झाली, दलदलीतून वेचलेल्या बेकॲपल बोरांचा मुरंबा बरण्यांत गेला (तुझ्यासाठी दोन बरण्या बाजूला काढल्या होत्या, त्यांचं काय झालं तेही पुढे येईल) आणि आठवडाभर खाडीत बसून राहिलेलं धुकं शुक्रवारी दुपारी एकदाचं उठलं.

आता एवढं सगळं लिहीत बसण्यापेक्षा फोन का नाही केला, असं तू म्हणशील. माझा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, आणि त्याच भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीत गेली तीस वर्षं डल्सी बसते. आत्ता ती चर्चमध्ये सरावाला गेली आहे, पण केव्हाही परत येईल, आणि कागद ॲप्रनखाली लपतो, फोन लपत नाही. डल्सी पेनी तुला आठवत असेलच. माझी शेजारीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. तुझ्या लग्नात तू यायला उशीर केलास तेव्हा तीच एक धून सात वेळा वाजवून तिने लोकांना जागेवर बसवून ठेवलं होतं, आणि आठव्या वेळी तू आलीस तेव्हा तुझ्याकडे तिने जे पाहिलं ते फोटोतसुद्धा आलं आहे. तर त्या डल्सीने एकेचाळीस वर्षांत एकही रविवार चुकवलेला नाही. चर्चच्या पडवीला आग लागली त्या रविवारीही ती होती. कडवं संपवूनच उठली.

या सगळ्याला सुरुवात झाली ती आमच्या नव्या पाळकांपासून. रेव्हरंड ऑडली हे आपल्या बेटावरचे नव्हेत, मुख्य भूमीवरून आलेले, चौतिशीचे, अतिशय सज्जन आणि अतिशय बारीक गृहस्थ आहेत. दारातून आत येताना दाराचीसुद्धा माफी मागतात. त्यांनी ऑगस्टमध्ये पावाच्या डब्याएवढं एक यंत्र आणलं. बटण दाबलं की त्यातून तीनशे गीतांपैकी हवं ते गीत वाजतं. ते डल्सीला दाखवताना ते फार मायेने म्हणाले की मिस पेनी, आता तुम्हाला कधी सुट्टी घ्यावीशी वाटली तर अगदी निर्धास्तपणे घ्या. बिचाऱ्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण डल्सी तिथून जी निघाली ती माझ्याकडे येऊन, डोक्यावरची टोपीही न काढता, त्या खुर्चीत बसली. मी चहा ठेवला. तो गार झाला. मग ती म्हणाली की आपण दोघी दरवर्षी म्हणतो, कुठेतरी तीन दिवस जाऊन येऊ, तर या वर्षी जाऊ, आणि शुक्रवार ते सोमवारच जाऊ. मधला रविवार तिने तोंडाने उच्चारला नाही, मीही नाही.

जायचं ठरलं, पण कुठे, यात चार दिवस गेले. प्रवासी खात्याचा नकाशा टेबलावर अंथरला, एका कोपऱ्यावर चहाची किटली, दुसऱ्यावर साखर, तिसऱ्यावर डल्सीचं कोपर आणि चौथ्यावर अँब्रोझ टल्क. अँब्रोझ म्हणजे माझा दुसऱ्या बाजूचा शेजारी, पूर्वी फेरीबोटीवर कप्तान होता, बायको गेल्यापासून दुपारचा चहा माझ्याकडेच घेतो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण नकाशा हा आपला प्रांत आहे असं तो धरूनच चालतो. मी आधी सेंट जॉन्सवर बोट ठेवलं. डल्सी तिथे एकदाच गेली आहे, दाढ काढायला, आणि परत येताना बंदरावर एका समुद्रपक्ष्याने तिच्या हातातलं अर्धं सँडविच पळवलं. तेव्हापासून अख्ख्या राजधानीशी तिचं बोलणं बंद आहे. मग ट्विलिंगेट. तिथे लोक हिमनग बघायला जातात. डल्सीचं म्हणणं, आपल्याच खाडीत दर जूनमध्ये दोन येऊन अडकतात, त्यांच्यासाठी आपण खिडकीचा पडदासुद्धा सारत नाही, आणि आता सप्टेंबरात तर तेही नसणार. (मी फार जोर केला नाही. रूबनची बहीण तिथे राहते. नवरा गेला तरी नणंद राहतेच, आणि तिच्या पित्ताशयाची गोष्ट ऐकायला तीन दिवस पुरले नसते.) ग्रोस मॉर्नचे डोंगर सुंदर, पण माहितीपुस्तकातल्या प्रत्येक फोटोत माणसांच्या हातात काठ्या. सगळ्यांना काठ्या लागतात अशा ठिकाणी आपलं भलं होणार नाही, असं तिचं मत पडलं. देवमासे बघायला बोटीने जावं म्हटलं, तर डल्सीला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. (तिचा बाप, आजा, पणजा, सगळे मच्छीमार. तिच्या आईला याची फार लाज वाटायची.) प्रिन्स एडवर्ड बेटाचं नाव काढलं तेव्हा समुद्र ओलांडायचा असेल तर ती सहल नव्हे, ते बिऱ्हाड हलवणं झालं, असं ऐकावं लागलं.

माझ्याही अटी होत्या, नव्हत्या असं नाही. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मी दीडशे पोरांना जेवायला घातलं आहे. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी माझ्यासमोर मी न उकडलेलं अंडं आणून ठेवावं. त्यामुळे स्वतःचं जेवण स्वतः करायच्या खोल्या मी सगळ्या खोडून टाकल्या. दर वेळी एक नाव खोडलं की अँब्रोझ बशीतला चहा फुंकत म्हणायचा, 'इथंच काय वाईट आहे?' तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याची बशी उचलून नेली.

तुझ्याकडे गँडरला यायचं हे अर्थात सगळ्यात आधी मनात आलं होतं. (डल्सीला तुमच्या पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाविषयी कोणी काही बोललेलं नाही. आणि अकॉर्डियनविषयी मी जे काही बोलले ते कौतुकानेच बोलले.) पण उगाच तुला त्रास कशाला, असं आम्ही एकमताने ठरवलं. तेवढ्यात अँब्रोझने ही बातमी गावभर केली होती. गुरुवारी दुकानात मिठाच्या पोत्यापाशी पाच बायकांनी डल्सीला गाठून विचारलं, मग कुठं चाललात? डल्सी आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. ती गांगरली, आणि तोंडातून पहिलं नाव निघालं ते तुझं. गँडर. थर्झाच्या वायोलाताईकडे. झालं. संध्याकाळपर्यंत तुझ्यासाठी एक फ्रूटकेक, भावजींसाठी लोकरीचे हातमोजे आणि ब्लँचकडून तिच्या औषधांची यादी (का, ते विचारू नकोस) माझ्या दारात येऊन पडली.

शुक्रवारी सकाळी गाडीत बॅगा टाकल्या. अर्धं गाव निरोप द्यायला उभं. रेव्हरंड ऑडली प्रवास सुखाचा होवो म्हणाले आणि डल्सीने काच वर केली. पाऊण तासाने महामार्गाच्या फाट्यावर आलो. डावीकडे गँडर, उजवीकडे बाकीचं जग. मी विचारलं, कुठे वळू? डल्सी म्हणाली, विचार करू दे. पेट्रोलपंपाच्या बाजूला गाडी लावली. तिथे आम्ही दीड तास बसलो, ताई. सँडविचं संपली. तुझा फ्रूटकेक कापला. तुझ्या मुरंब्याची एक बरणी उघडली, मग दुसरी. समोरून ट्रक जात होते, आणि डल्सी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू कोणी ती मागणार आहे. मग ती म्हणाली, 'थर्झा, मला कुठंच जायचं नाहीये गं. मला फक्त रविवारी तिथं नसायचंय.'

मी बरणीला झाकण लावलं. आणखी दोन ट्रक गेले.

'आणि मी नसताना काय होतं, ते बघायचंय.'

आता सांग, अशा माणसाला घेऊन मी कुठल्या डोंगरावर जाणार होते? मला एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती म्हातारी दिसली. आणि मला आठवली सेलिना गॉस. सेलिनाचं घर खाडीच्या दक्षिण काठावर, आमच्या बरोबर समोर. मधलं पाणी एवढं अरुंद की तिकडे कोणी शिंकलं तर इकडून आम्ही देव भलं करो म्हणतो. लग्न होऊन ती शेजारच्या खाडीतून इथे आली त्याला बावीस वर्षं झाली, म्हणजे अजून नवीच आहे. नवरा गेल्यावर तिने घराला पिवळा रंग दिला आणि मुख्य भूमीवरच्या प्रवाशांसाठी चार खोल्या काढल्या. गावातल्या कोणी तिथे पाऊल ठेवलेलं नाही. आपल्याच गावात भाडं देऊन झोपायचं हे कोणाच्या डोक्यात येणार? पण वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून समोर चर्च दिसतं, त्याच्या डावीकडे डल्सीचं घर, मग माझं, मग अँब्रोझचं. मी गाडी फिरवली. जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याने, धुक्यात, दिवे न लावता आम्ही दक्षिण काठाला मागच्या बाजूने येऊन पोचलो आणि गाडी सेलिनाच्या होडीच्या छपरीत घातली.

सेलिनाने दार उघडलं. आम्हा दोघींना बघून तिचा चेहरा जराही हलला नाही. मी म्हटलं, आम्हाला सोमवारपर्यंत खोली हवी आहे आणि आम्ही इथे नाही. ती म्हणाली, 'बरं.' डल्सीने नोंदवहीत नाव लिहिलं, मिसेस व्हाइट, टोरांटो. मग सेलिनाने आम्हाला बसवलं आणि तिला जसं सगळ्यांशी वागायची सवय आहे तसं वागायला लागली. 'टिंकर्स कोव्हमध्ये पाहण्यासारखं' असं एक पत्रक हातात दिलं. भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या. स्थानिक लोक लाजरे असतात पण मनाने चांगले असतात, आपण होऊन बोललात तर बोलतात, असंही सांगितलं. (बावीस वर्षांत मी तिच्या घरी चहाला गेले नाही, हे मला तेव्हा तिथेच, तिच्या पिवळ्या खुर्चीत बसून लक्षात आलं. तिने ते मुद्दाम म्हटलं का, ते अजून ठरवता आलेलं नाही.) सकाळी न्याहारीला मासे आणि भिजवलेला कडक पाव आला, आपली आजी करायची तोच, फक्त वर एक हिरवं पान होतं आणि कागदावर त्याच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. आणि अंडं आलं. अर्धा मिनिट जास्त उकडलेलं होतं. ताई, इतकं चविष्ट अंडं मी जन्मात खाल्लं नव्हतं.

शनिवारचा दिवस खिडकीत गेला. देवमासे बघायला ठेवलेली दुर्बीण होती, आणि पडद्याआड राहायचं म्हणजे खिडकीच्या चौकटीखाली वाकून बसायला लागायचं. कंबरेचं कारण हेच. डल्सीने पहिल्यांदा दुर्बीण लावली ती स्वतःच्या घराला, आणि लावली तशी खाली ठेवली. तुला माहीत आहे, ती दर दोन वर्षांनी घराची रस्त्याकडची बाजू रंगवते. पाण्याकडची बाजू कोणाला दिसते आहे, म्हणून ती तशीच सोडून देते. तर ती बाजू इथून दिसते. करडी, पोपडे निघालेली, एका कोपऱ्यात तर फळीच नाही. गेली वीस वर्षं सगळा दक्षिण काठ रोज सकाळी ती भिंत बघत चहा पितो आहे. सेलिना मागे उभी होती. ती आदराने म्हणाली की पाहुणे सगळ्यात जास्त फोटो त्याच भिंतीचे काढतात.

मी माझ्या घरावर नजर ठेवून होते. अँब्रोझ अकरा वाजता हातोडी घेऊन आला आणि पडवीची जी पायरी मी चार वर्षं दुरुस्त कर म्हणते आहे ती त्याने तासाभरात दुरुस्त केली. (मी समोर उभी राहून सांगत होते तेव्हा ती त्याला चार वर्षांत जमली नव्हती.) मग तो त्याच पायरीवर बसला, थर्मासातून चहा ओतला आणि एकटाच प्यायला. रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून एवढा बोलतो, पण एकटा असताना किती गप्प असतो ते मला माहीत नव्हतं. मी दुर्बीण डल्सीला दिली.

रविवारी वारा बरोबर आमच्याकडे होता. चर्चच्या सातही खिडक्या सताड उघड्या. एवढ्या थंडीत! मी म्हटलं, पाळक बाहेरचे, त्यांना काय कळतं. डल्सी सकाळपासून टोपी घालून खिडकीशी उभी होती, वाकायची शुद्ध तिला नव्हती आणि मीही आठवण केली नाही. घंटा झाली. यंत्र सुरू झालं. आवाज वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. स्वच्छ होता, एकसारखा होता, मोठ्या शहरातल्या दुकानात लावतात तसा होता. डल्सीचा चेहरा लाकडाचा झाला. मग लोक गायला लागले.

आता, डल्सी सावकाश वाजवते. तिला तसंच शिकवलं गेलं, आणि आमच्या तीन पिढ्या तिच्याबरोबर सावकाश गात मोठ्या झाल्या. यंत्र मात्र दुडक्या चालीने निघालं. ते चौथ्या ओळीवर गेलं तेव्हा लोक दुसरीवर होते. त्याने दुसरं कडवं घेतलं, लोक पहिल्यातच. वाटलं, आता कोणीतरी धावत जाऊन त्याला गाठेल. कोणी गेलं नाही. यंत्राने गीत संपवलं, शेवटचा सूर नीट ताणला आणि ते बंद पडलं. लोकांचं दीड कडवं अजून शिल्लक होतं. आणि ताई, ते गातच राहिले. साथ नाही, काही नाही. खाडीवरून नुसते गळे येत होते, पन्नास-साठ, काही चांगले, बरेचसे ब्लँचसारखे.

डल्सीने पडदा मुठीत धरला होता. तिचा उजवा पाय सेलिनाच्या गालिच्यावर खाली-वर, खाली-वर होत होता. शेवटची ओळ आली. तिथे काय होतं तुला माहीत नसेल, तू गाव सोडून गँडरला गेल्यानंतरचं आहे. डल्सीच्या अंगठ्यात संधिवात आला त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या ओळीआधी तिला पान उलटायला एक श्वासभर वेळ लागतो, आणि आम्ही सगळे तेवढं थांबतो. त्या दिवशी ऑर्गनवर कोणी नव्हतं. पान नव्हतं. उलटायचं काही नव्हतं. तरी शेवटच्या ओळीआधी अख्खं चर्च थांबलं. एक श्वास. मग शेवटची ओळ झाली.

मी डल्सीकडे बघितलं नाही. पेनी घराण्यातल्या माणसाकडे अशा वेळी बघायचं नसतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, 'पुरुष सुरातून खाली उतरतायत.' मग चहा मागितला आणि त्यात तीन चमचे साखर घातली, जी ती फक्त नाताळला घालते. दुसऱ्या गीताला यंत्र पहिल्या कडव्यातच बंद झालं, तिसऱ्याला लावलंच नाही.

त्यानंतर तिला तिथल्या तिथे घरी जायचं होतं. होडी काढा म्हणाली. धक्क्यावर मळमळणारी बाई सेलिनाला होडी काढा म्हणत होती. मी तिची बॅग काढून घेतली आणि तिला समजावलं की आपण गँडरला आहोत, गँडरहून कोणी होडीने येत नाही. तेव्हा कुठे ती बसली. दुपारभर तिने सेलिनाला पुरुष कुठे कुठे खाली उतरले ते गाऊन दाखवलं. जाताना मी सेलिनाला गुरुवारी चहाला बोलावलं. ती म्हणाली, 'बरं.'

सोमवारी पुन्हा जंगलातून फाट्यावर, आणि फाट्यावरून राजरस्त्याने हॉर्न वाजवत गावात. (फाट्यावरच्या दुकानातून पुरावा म्हणून टोमॅटो घेतले.) लोक जमले. कसं झालं, वायोला कशी आहे, असं विचारायला लागले. मी ठरवलं होतं की छान म्हणायचं आणि घरात जायचं. पण डल्सीने तोंड उघडलं. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाला खोट्याचं मापच नसतं. तिने सांगितलं की सेसिलभावजींनी दाढी वाढवली आहे, शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत. त्यांनी परसात काचेचं घर बांधलं आहे आणि त्यात टोमॅटो लावले आहेत, हे बघा. तू आम्हाला सशाचं मटण भरलेली पेस्ट्री खायला घातलीस पण ससा जरा कच्चा होता. (हे कशासाठी घातलं, मी नंतर विचारलं. म्हणाली, सगळंच गोड सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.) सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. रेव्हरंड ऑडली पुढे आले, आपल्याच बुटांची माफी मागितल्यासारखे खाली बघत म्हणाले की यंत्राला इथली समुद्राची हवा मानवत नाही, तेव्हा मिस पेनी यांची कृपा होईल का? डल्सीने आधी टोपी सरळ केली. मग म्हणाली की ते टाकून देऊ नका, ज्यांचं आपल्याला विशेष काही वाटत नाही अशांच्या अंत्यविधीला ते ठीक आहे.

तर असं आहे. केक काढायची वेळ झाली. भावजींना नमस्कार, गुडघ्याला हंसाची चरबी चोळ.

तुझी धाकटी मावसबहीण,
थर्झा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की कोणी विचारलं तर आम्ही शुक्रवार ते सोमवार तुझ्याकडे होतो. ससा कच्चा होता हेही मान्य कर, माझ्यासाठी. मुरंबा तुला आवडला. फ्रूटकेकही. (हातमोजे पाठवते आहे, ते खाता आले नाहीत.)

ता. क. २. आत्ताच कळलं की अँब्रोझ गुरुवारी डोळे तपासायला गँडरला येतो आहे आणि वाकडी वाट करून काचेचं घर बघायला तुझ्याकडे थांबणार आहे. जुन्या खिडक्या असतील तर एकमेकींना टेकवून काही होतं का बघ. टोमॅटो दोऱ्याने बांधता येतात. दाढी गुरुवारपर्यंत जेवढी येईल तेवढी.

ता. क. ३, पाकिटाच्या मागे, कारण पाकीट चिकटवून झालं होतं. टपालात टाकायला निघाले तर अँब्रोझ नव्या पायरीवर बसलेला. त्याने मला सगळं सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी डल्सीने आपले जांभळे लोकरी मोजे धुऊन सेलिनाच्या दोरीवर वाळत घातले होते. तसले मोजे अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाकडे नाहीत. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. शनिवारी दुकानात ठरलं की खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि मोठ्याने गायचं. रेव्हरंड ऑडली स्वतः आले होते ठरवायला. मी अँब्रोझला विचारलं, आणि शेवटच्या ओळीआधी थांबायचं कोणी ठरवलं? तो माझ्याकडे बघत राहिला. 'कुठलं थांबणं?' म्हणाला.

डल्सीला मी यातलं काही सांगणार नाही, तूही सांगू नकोस. मोठ्याने गायचं ठरवून गायले हे कळलं तर ती ते थांबणंही ठरवलेलंच धरून बसेल. आता अडचण अशी की तुला आधी गाठून सावध करायला तीही गुरुवारी अँब्रोझच्या गाडीत येते आहे, म्हणजे तिच्यादेखत त्याला काहीच माहीत नसल्यासारखं वागावं लागणार. तेव्हा खिडक्या टेकवू नकोस, टोमॅटो बांधू नकोस. अँब्रोझ म्हणाला की परसात काही असो नसो, तो काचेच्या घराची तारीफ करेल, आणि डल्सीला वाटेल की याचे डोळे खरंच गेले. भावजींना तो दारातच म्हणणार आहे की दाढी फार शोभते. त्यांनी फक्त हनुवटीवरून एकदा हात फिरवावा, आणि कृपा करून हसू नये.